क्ष-किरणांवरून श्वेत बटूचे वस्तुमान कसे काढावे

जोडताऱ्यातला श्वेत बटू, म्हणजे जळण संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा, शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो, तेव्हा तो वायू सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने बटूकडे कोसळतो, पृष्ठभागाजवळ अडतो, कोट्यवधी अंश तापतो आणि क्ष-किरणांत उजळतो. तो किती तापेल हे बटूच्या वस्तुमानावर आणि त्रिज्येवर अवलंबून असते. आणि श्वेत बटूच्या बाबतीत वस्तुमान ठरले की त्रिज्याही ठरते, कारण त्याला तोलून धरणारा इलेक्ट्रॉनांचा अपभ्रष्ट दाब (अतिदाट इलेक्ट्रॉन आणखी दाबले जाण्यास करतात तो विरोध) या दोन राशींमध्ये पक्के नाते बांधतो. म्हणून क्ष-किरणांच्या वर्णपटातून वायूचे कमाल तापमान काढता आले, तर ताऱ्याचे वस्तुमान हाती येते. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी किंवा चिकाटीचा हौशी अभ्यासक घरच्या लॅपटॉपवर, सर्वांसाठी खुल्या असलेल्या उपग्रहनोंदी वापरून हे काम करू शकतो. ते कसे करावे, आणि हाती आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी काय तपासावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी हिशेब समजून घ्यावा. लांबून मुक्तपणे पडणारा वायू पृष्ठभागाशी पोहोचतो तेव्हा त्याच्या वेगाचा वर्ग, गुरुत्वस्थिरांक आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या दुपटीला त्रिज्येने भागले असता येतो. सूर्याच्या ०.८ पट वस्तुमानाच्या बटूची त्रिज्या सुमारे ७,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीपेक्षा किंचित मोठी असते. तिथे हा वेग सेकंदाला सुमारे ५,५०० किलोमीटर भरतो. पृष्ठभागाच्या थोडे वर या वायूत आघात-तरंग उभा राहतो, वायूचा वेग एकदम चौथ्या हिश्शावर येतो आणि गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. आघातानंतरचे तापमान ऊर्जेच्या एककात मांडले, तर ते कणांचे सरासरी वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याच्या तीन-षोडशांश इतके असते. कणांचे सरासरी वस्तुमान प्रोटॉनच्या ०.६ पट धरले, तर ०.८ सौर वस्तुमानासाठी सुमारे ३६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, यापुढे केईव्ही, एवढे तापमान मिळते. अंशांत सांगायचे तर ते चाळीस कोटी केल्विनच्या थोडे वर जाते. हाच हिशेब ०.६ सौर वस्तुमानाला सुमारे २१ ते २२ केईव्ही आणि १ सौर वस्तुमानाला सुमारे ५७ केईव्ही देतो. वस्तुमान वाढते तशी त्रिज्या आक्रसत जाते, त्यामुळे तापमान वस्तुमानापेक्षा झपाट्याने चढते. आपल्याला ही गोष्ट सोयीची आहे: तापमानात पाच केईव्ही इकडेतिकडे झाले तरी वस्तुमान ०.०६ च्या आसपासच हलते. हे आकडे स्वतः कागदावर काढून पाहावेत. पुढे संगणक जे उत्तर देईल ते पटण्याजोगे आहे की नाही, हे त्यामुळे लगेच कळते.

कोणता तारा निवडावा

प्रत्येक संचयी, म्हणजे शेजाऱ्याचा वायू ओढून घेणारा, श्वेत बटू या पद्धतीला योग्य नसतो. एसएस सिग्नीसारख्या बटुनोव्यांत चुंबकीय क्षेत्र क्षीण असल्यामुळे बटूभोवती फिरणाऱ्या ओढलेल्या वायूची चकती थेट पृष्ठभागापर्यंत पोहोचते. तिथे वायू मुक्तपणे पडत नाही, तर प्रदक्षिणा घालत आत सरकतो. त्यामुळे आघाताच्या वेळी हाती असलेली ऊर्जा निम्मीच असते आणि कमाल तापमानही वरच्या हिशेबाच्या निम्मे येते. शिवाय उद्रेकात सीमास्तर (चकती आणि पृष्ठभाग यांमधला थर) दाट होऊन कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण घटतात आणि ऊर्जा मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, अतिनील भागात निघून जाते. एएम हर्क्युलिससारख्या तीव्र चुंबकीय ताऱ्यांत, ज्यांना पोलर म्हणतात, चकती बनतच नाही; पण तिथे वायू सायक्लोट्रॉन प्रारणानेही (चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रारणाने) निवतो आणि वायूचे काही दाट गोळे पृष्ठभागाखाली घुसून उष्णता मृदू क्ष-किरणांत बाहेर टाकतात. कॅल ८३ सारख्या अतिमृदू स्रोतांत तर पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणुज्वलनच चालू असते, तेव्हा तिथल्या वर्णपटाचा पडण्याच्या वेगाशी संबंध उरत नाही.

पहिल्या प्रयत्नासाठी इंटरमीजिएट पोलर हा वर्ग निवडावा. यांचे चुंबकीय क्षेत्र चकतीचा आतला भाग कापून काढण्याइतके प्रबळ असते, त्यामुळे वायू क्षेत्ररेषांवरून पडद्यासारखा ध्रुवांकडे उतरतो; मात्र सायक्लोट्रॉन प्रारणाने वायू निवण्याइतके ते बलवान नसते. या वर्गातला धनू राशीतला व्ही१२२३ सॅजिटॅरी हा माझ्या मते सुरुवातीसाठी सर्वांत चांगला तारा आहे. तो क्ष-किरणांत ठळक दिसतो, त्याचा श्वेत बटू ७४५.६ सेकंदांत स्वतःभोवती फिरतो, जोडीची कक्षा सुमारे ३.३७ तासांची आहे, आणि अनेक उपग्रहांनी त्याच्या नोंदी घेतल्या आहेत. आपले उत्तर पडताळायला आधीची उत्तरे उपलब्ध असणे ही शिकणाऱ्यासाठी मोठी सोय असते. वासुकी नक्षत्रातला ईएक्स हायड्री त्याहून खूप जवळ असला, तरी त्याच्यापासून सुरुवात करू नये. कारण पुढे येईल.

नोंदी मिळवणे

या कामात उपकरणाची निवड निर्णायक ठरते. तापमान ३५ केईव्हीच्या घरात असेल, तर वर्णपटाचा उतार कुठे कोसळू लागतो हे त्याच ऊर्जेच्या आसपास आणि तिच्या पलीकडे दिसते. फक्त १० केईव्हीपर्यंत पाहणाऱ्या दुर्बिणीला २५ आणि ४५ केईव्हीचे वायू जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून ३ ते ७९ केईव्ही पट्टा पाहणाऱ्या न्यूस्टार या २०१२ साली सोडलेल्या उपग्रहाच्या नोंदी मुख्य धराव्यात आणि मृदू भागासाठी त्यांना एक्सएमएम-न्यूटनच्या नोंदींची जोड द्यावी. दोन्ही नासाच्या हीसार्क या संग्रहात ताऱ्याचे नाव टाकून शोधता येतात. विश्लेषणासाठी लागणारा हीसॉफ्ट हा संच आणि त्यातला एक्सस्पेक हा वर्णपट जुळवणारा प्रोग्रॅमही तिथेच विनामूल्य मिळतो.

मराठी वाचकाला जवळची वाट ॲस्ट्रोसॅटची आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने सोडलेल्या या वेधशाळेवरची सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप आणि लॅक्सपीसी ही दोन्ही उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. पहिले सुमारे ०.३ ते ८ केईव्ही आणि दुसरे ३ ते ८० केईव्ही पट्टा पाहते, आणि दोन्ही एकाच वेळी एकाच ताऱ्याकडे रोखलेली असतात. नोंदी इस्रोच्या संग्रहातून मिळतात आणि त्या वापरणाऱ्यांना पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून साहाय्य मिळते. एवढे मात्र लक्षात ठेवावे की लॅक्सपीसी प्रतिमा घेत नाही. तिच्या दृष्टिक्षेत्रात येणारे सारे क्ष-किरण एकत्र मोजले जातात, त्यामुळे क्षीण ताऱ्यासाठी पार्श्वभूमीचा अंदाज चुकला की वर्णपटाचे वरचे टोक चुकते, आणि आपल्याला नेमके तेच टोक हवे असते. न्यूस्टारमध्ये ताऱ्याभोवतीचे वर्तुळ आणि त्याच्या शेजारचा मोकळा भाग वेगवेगळे कापून घेता येतात. म्हणून वस्तुमानाचा आकडा न्यूस्टारवरून काढावा आणि ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी कालमापनासाठी व पडताळणीसाठी वापराव्यात, असे मी सुचवेन.

आधी घड्याळ, मग वर्णपट

निवडलेला तारा खरोखर त्याच अवस्थेत आहे ना, हे पाहण्यासाठी आधी प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेज कसे बदलते याचा आलेख, काढावा. प्रत्येक क्ष-किरणाची नोंदलेली वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर आणून दुरुस्त करावी. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे प्रकाश पोहोचायला लागणारा वेळ वर्षभरात आठ मिनिटांहून अधिक पुढेमागे होतो आणि एका दिवसातच साडेआठ सेकंदांपर्यंत सरकू शकतो. एका दिवसाच्या नोंदीत ७४५ सेकंदांचा स्पंद यामुळे हरवणार नाही, पण वेगवेगळ्या महिन्यांच्या नोंदी एकत्र आणल्या की दुरुस्तीशिवाय स्पंदांच्या कला (आवर्तनातले टप्पे) जुळणार नाहीत.

नंतर नोंदींच्या अंतरांमुळे फसणार नाही अशी आवर्तिता शोधण्याची पद्धत, उदाहरणार्थ लोम्ब-स्कार्गल, वापरून आवर्तने शोधावीत. स्वतःभोवतीच्या फिरण्याचे शिखर ७४५.६ सेकंदांवर दिसले पाहिजे. फिरण्याची वारंवारता उणे कक्षेची वारंवारता केली की ७९४ सेकंदांच्या आसपासचे तिसरे आवर्तन मिळते. क्ष-किरणांत हे शिखर प्रबळ असेल, तर काही वायू चकतीत न जिरता थेट चुंबकीय क्षेत्रावर आदळत आहे असा अर्थ होतो. मग प्रकाशवक्र ३ ते ६ आणि १० ते ३० केईव्ही अशा दोन पट्ट्यांत वेगवेगळा काढून फिरण्याच्या आवर्तनावर दुमडावा, म्हणजे सगळी आवर्तने एकावर एक ठेवावीत. मृदू पट्ट्यात चढउतार मोठा आणि कठीण पट्ट्यात लहान आढळेल, कारण ध्रुवाकडे उतरणारा वायूचा पडदा मृदू क्ष-किरण शोषतो आणि बटू फिरतो तसा तो पडदा आपल्या आणि ध्रुवाच्या मध्ये येतो-जातो. वर्णपटाला वापरायच्या शोषणाच्या प्रतिकृतीचा (गणिती मॉडेलचा) पुरावा इथे डोळ्यांना दिसतो. म्हणून ही पायरी कितीही घाई असली तरी वगळू नये.

ईएक्स हायड्रीचा एक धोका इथेच सांगायला हवा. त्याची कक्षा ९८.२६ मिनिटांची आहे आणि ६५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या ॲस्ट्रोसॅटची पृथ्वीप्रदक्षिणा सुमारे ९७.७ मिनिटांची. दर फेरीत पृथ्वी आड येऊन नोंदीत खंड पडतो, आणि तो खंड कित्येक फेऱ्या ताऱ्याच्या कक्षेतल्या जवळपास त्याच टप्प्यावर येत राहतो. एका दिवसाच्या नोंदीत कक्षेचा ठरावीक भाग दिसतच नाही आणि उरलेल्या भागावरून खोटा चढउतार दिसू शकतो. अशा ताऱ्यासाठी लांबट कक्षेतून दीर्घकाळ अखंड पाहणारा एक्सएमएम-न्यूटन अधिक भरवशाचा आहे.

वर्णपटाची जुळणी

वर्णपट काढल्यावर दर खान्यात किमान २५ क्ष-किरण येतील असे गट पाडावेत आणि कोणतीही प्रतिकृती चढवण्याआधी तो नुसता निरखावा. ६ ते ७ केईव्हीच्या दरम्यान लोहाच्या तीन रेषा असतात. ६.४ केईव्हीची रेषा थंड लोहाची आहे; आघातातून आलेल्या क्ष-किरणांनी पृष्ठभागावरचे किंवा पडद्यातले थंड अणू उत्तेजित होऊन ती निघते. ६.७ केईव्हीची रेषा दोनच इलेक्ट्रॉन उरलेल्या लोहाची आणि ६.९७ केईव्हीची रेषा एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या लोहाची असते. या दोघी तप्त वायूतून येतात. न्यूस्टारला त्या एकाच रुंद उंचवट्यासारख्या दिसतात, कारण तिथे त्याची विभेदनक्षमता सुमारे ०.४ केईव्ही आहे. एक्सएमएम-न्यूटनचा कॅमेरा त्या वेगळ्या ओळखू शकतो. म्हणून दोन्ही उपग्रहांचे वर्णपट एकत्रच जुळवावेत.

आता प्रतिकृती. एकाच तापमानाचा वायू कधीही धरू नये. आघातापाशी वायू सर्वांत तप्त असतो आणि पृष्ठभागाकडे उतरताना तो निवत, दाटत जातो. आपल्यापर्यंत पोहोचतो तो या साऱ्या थरांचा मिळून प्रकाश. एकाच तापमानाची जुळणी या सर्वांची सरासरी देते, ती आघाताच्या तापमानापेक्षा बरीच कमी असते, आणि तिच्यावरून काढलेले वस्तुमानही कमी येते. एक्सस्पेकमध्ये निवत्या प्रवाहासाठी एमकेसीफ्लो ही प्रतिकृती आहे. तिचे कमाल तापमान आपल्याला शोधायचे आहे, तर किमान तापमान तिच्या खालच्या मर्यादेवर स्थिर ठेवावे. हिची एक खोच नवख्याला हमखास अडवते. ही प्रतिकृती मुळात आकाशगंगांच्या समूहांसाठी लिहिलेली असल्यामुळे ती अंतर ताम्रसृतीवरून (दूर जाणाऱ्या स्रोताच्या प्रकाशाची तरंगलांबी किती वाढली यावरून) ठरवते आणि ताम्रसृती शून्य ठेवता येत नाही. आपला तारा पावणेसहाशे पारसेकच्या आसपास आहे. विश्वाच्या प्रसरणाचा दर सांगणारा हबल स्थिरांक ७० धरला तर या अंतराला साजेशी ताम्रसृती एकाच्या एक कोटीव्या भागाच्या सुमारे १.३ पट येते. तेवढीच भरावी. मग प्रतिकृतीचा गुणक वर्षाला किती सौर वस्तुमान बटूवर पडते, हे थेट सांगतो. ताम्रसृती अंदाजाने ठोकली तर तापमान बरोबर येऊनही हा आकडा निरर्थक ठरतो. वस्तुमान हाच थेट अज्ञात घटक असलेली आयपोलर ही प्रतिकृतीही उपलब्ध आहे, पण सुरुवातीला एमकेसीफ्लोने काम करून मग तिच्याकडे वळणे चांगले. त्यामुळे कोणता आकडा कुठून आला हे समजत राहते.

शोषणाचे दोन थर लावावेत. एक आंतरतारकीय वायूचा, टीबीॲब्स. दुसरा ताऱ्याजवळच्या पडद्याचा, पीसीएफॲब्स, जो स्रोताचा काही भागच झाकतो. दुसरा थर वगळला तर वर्णपटाची मृदू बाजू दबलेली पाहून प्रोग्रॅम तिचा दोष तापमानावर ढकलतो आणि ते अकारण वाढवतो. तिसरी गोष्ट परावर्तनाची. आघात पृष्ठभागाच्या अगदी जवळ होत असल्यामुळे निम्म्याजवळ क्ष-किरण खाली बटूवरच आदळतात. त्यांतले काही परत उसळतात आणि १० ते ३० केईव्हीच्या दरम्यान वर्णपटाला फुगवटा आणतात. न्यूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन यांच्या एकत्रित नोंदींतून इंटरमीजिएट पोलरांमधले हे परावर्तन २०१५ साली निःसंदिग्धपणे दाखवले गेले. फुगवटा लक्षात घेतला नाही तर वर्णपट आहे त्याहून कठीण भासतो आणि वस्तुमान फुगते. म्हणून रिफ्लेक्ट हा घटक जोडावा, लोहाची ६.४ केईव्हीची रेषा स्वतंत्र गॉशियन (घंटेच्या आकाराची रेषा) म्हणून ठेवावी, आणि परावर्तनाचे प्रमाण व या रेषेची ताकद एकमेकींशी सुसंगत आहेत ना ते पाहावे. परावर्तन भरपूर आणि रेषा नगण्य, असे उत्तर आले तर जुळणी कितीही सुबक दिसली तरी ती स्वीकारू नये.

तापमानापासून वस्तुमानापर्यंत

कमाल तापमान मिळाले की वस्तुमान काढण्याचा मोह होतो, पण वरच्या हिशेबात वायू अनंत अंतरावरून पडतो असे धरले होते. प्रत्यक्षात तो चकतीच्या आतल्या कडेवरून सुटतो. म्हणून त्रिज्येच्या व्यस्तातून त्या कडेच्या अंतराचा व्यस्त वजा करावा लागतो. व्ही१२२३ सॅजिटॅरीसाठी ही कड, बटूच्या फिरण्याइतक्याच वेगाने चकती जिथे फिरते तिथे असेल असे मानले, तर ०.८ सौर वस्तुमानाला ती बटूच्या सुमारे १६ त्रिज्यांवर येते आणि तापमान साधारण सहा टक्क्यांनी घटते: ३६ ऐवजी साडेतेहतीस केईव्ही. दुरुस्ती लहान आहे, पण करावीच.

ईएक्स हायड्रीत हीच दुरुस्ती सगळे चित्र पालटते. त्याचा बटू फिरायला सुमारे ६७ मिनिटे घेतो. तोच नियम लावला तर कड सुमारे पन्नास त्रिज्यांवर यायला हवी आणि दुरुस्ती दोन टक्क्यांची व्हायला हवी. पण या ताऱ्यात हा समतोल नाहीच. वायू बटूपासून अवघ्या काही त्रिज्यांवरून पडतो. समजा, ०.८ सौर वस्तुमानाच्या बटूवर वायू तीन त्रिज्यांवरून पडला, तर तापमान ३६ ऐवजी २४ केईव्ही येईल, आणि अनंतावरून पडल्याचे गृहीत धरणाऱ्याला तोच बटू ०.६४ सौर वस्तुमानाचा वाटेल. आघात-तरंग पृष्ठभागापासून उंच उभा असेल तर आकडा आणखी खाली येतो. या ताऱ्याचे दृश्य प्रकाशातील वेगमापनावरून काढलेले वस्तुमान ०.७९ आहे, तर साध्या क्ष-किरण हिशेबाने ते कितीतरी कमी येत असे. आपल्या ताऱ्याची कड कुठे आहे, याचा स्वतंत्र पुरावा प्रकाशवक्राच्या अनियमित लुकलुकण्यात असतो. कोणत्या वारंवारतेला किती लुकलुक आहे, याचा आलेख काढला तर तो एका वारंवारतेपाशी मोडून उतरू लागतो, आणि ती वारंवारता आतल्या कडेवरच्या प्रदक्षिणेची समजली जाते.

आता पडताळणी. ६.७ आणि ६.९७ केईव्हीच्या रेषांचे गुणोत्तर प्रतिकृतीने सांगितलेल्या तापमानांशी जुळते का, ते पाहावे. गुणकातून मिळालेला संचयाचा दर आणि मोजलेली तेजस्विता एकमेकांशी पटतात का, हेही पाहावे: ०.८ सौर वस्तुमानाच्या बटूवर वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा एक हजार कोटीवा भाग पडत असेल, तर एकूण तेजस्विता सूर्याच्या सुमारे पाव भरते. मग वर्णपटाचा खालचा टोकबिंदू ३ वरून ५ केईव्हीवर सरकवून जुळणी पुन्हा करावी. वस्तुमान त्रुटीच्या मर्यादेबाहेर हलले तर शोषणाची प्रतिकृती अपुरी आहे. प्रोग्रॅम देतो ती त्रुटी फक्त मोजणीतली असते. प्रतिकृती निवडण्यातली त्रुटी या प्रयोगांवरूनच कळते आणि बहुधा तीच मोठी असते. व्ही१२२३ सॅजिटॅरीचे वस्तुमान निरनिराळ्या अभ्यासांत ०.७ पासून ०.९ च्या वरपर्यंत आले आहे, ते प्रामुख्याने परावर्तन आणि निवत्या थराची रचना कशी मांडली यामुळे. म्हणून आपला आकडा लिहिताना त्याच्यासोबत आतली कड कुठे धरली, परावर्तन घेतले की नाही, लोहाचे प्रमाण किती निघाले आणि कोणता ऊर्जापट्टा वापरला, हे सारे लिहावे.

हे जमले की ययाती समूहातल्या जीके पर्सीकडे वळावे. १९०१ साली नोव्हा म्हणून झळकलेला हा तारा दर काही वर्षांनी लहान उद्रेक करतो. उद्रेकात वायूचा ओघ वाढून चकतीची कड आत ढकलली जाते, पडण्याचे अंतर कमी होते आणि तेजस्विता वाढूनही कमाल तापमान उतरते. न्यूस्टारने २०१५ च्या उद्रेकात त्याची नोंद घेतली आहे आणि शांत अवस्थेतल्या नोंदीही उपलब्ध आहेत. दोन्ही वर्णपट एकाच वेळी जुळवावेत, वस्तुमान दोघांना समान ठेवावे आणि आतल्या कडेचे अंतर प्रत्येकाला वेगळे मोकळे सोडावे. दोन अवस्थांतल्या तेजस्वितांचे गुणोत्तर ठाऊक असल्यामुळे कड किती सरकावी याचा अंदाज आधीच बांधता येतो. संचयाचा दर वाढला की ती त्याच्या दोन-सप्तमांश घाताने आत येते, असा प्रचलित सिद्धान्त आहे. तो इथे बंधन म्हणून घालून एकदा आणि न घालता एकदा जुळणी करावी, आणि दोन्ही वेळा वस्तुमान किती आले ते शेजारी शेजारी मांडावे.